रानात झरा आहे का नुसतीच ओल? सातारा-सांगलीकडच्या जमिनीत पाणी ओळखायचं कसं

डोंगरकडेला जमीन घेणारी मंडळी हल्ली बरीचशी पुण्या-मुंबईची असतात, आणि व्यवहाराच्या वेळी एजंट एक वाक्य हमखास टाकतो, "साहेब, बारमाही झरा आहे." बघायला नेणार ऑगस्टात. आता ऑगस्टात जावळीत नाहीतर पाटणला लाथ मारीन तिथं पाणी निघतंय, त्यात झऱ्याचं काय कौतुक. तोच झरा होळीला बघायला गेलात तर खाली चार वाळकी पानं आणि भेगाळलेला चिखल असतो. उलटंही होतं, म्हणजे वारसाहक्कानं आलेलं पडीक रान असतं, कोपऱ्यात करवंदीच्या जाळीत कायम ओल असते, गावकरी म्हणतात "तिथं उमाळा होता पूर्वी", आणि मालकाला पत्ताच नाही की आपल्याकडं खरंच काहीतरी आहे.

म्हणून हे नव्या लोकांसाठी लिहितोय. झरा ठरतो दोन गोष्टींवर, पाणी कुठल्या थरातून येतंय आणि वैशाखात किती उरतंय. पावसाळ्यात तो दिसतो कसा, फोटो कसा येतो, याचा काही संबंध नाही.

आधी खडक समजून घ्या

आपला सगळा भाग बेसाल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि आपले डोंगर तयार झाले, दुरडीत भाकऱ्यांची चवड रचावी तसे, जवळपास आडवे. पण सगळे थर सारखे नाहीत. घट्ट काळा पाषाण असतो, त्याला भेग नसेल तर त्यात पाणी जातच नाही. त्याच्या वरखाली भोकाभोकाचा, ठिसूळ, पांढरे खडे भरलेला खडक असतो, विहीर काढणारे त्याला मांजऱ्या म्हणतात, त्यात पाणी मुरतं आणि साठतं. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल गेरूसारखा थर सापडतो, तो बहुतेक वेळा पाणी खाली सोडत नाही. आणि महाबळेश्वर, पाचगणी, कास, सडावाघापूर असल्या पठारांवर सगळ्यात वर जांभा, त्याच्याखाली चिकट मातीसारखा थर.

आता विचार करा, पाऊस वरून मुरतोय, खाली उतरतोय, मध्येच घट्ट पाषाण किंवा गेरू आडवा आला. पाणी खाली जाऊ शकत नाही मग आडवं सरकतं, आणि डोंगराच्या अंगाला तो थर जिथं उघडा पडलाय तिथं बाहेर येतं. झाला झरा. म्हणून डोंगरावरचे झरे बऱ्याचदा एकाच उंचीवर ओळीनं सापडतात, शेजारच्या वाडीचा झरा ज्या उंचीला आहे त्याच उंचीनं आडवं चालत आपल्या रानात आलात तर ओल सापडायची शक्यता चांगली असते. मोबाईलमध्ये उंची दाखवणारं ॲप असतं ते घ्या, पाच-दहा मीटर इकडंतिकडं दाखवतं पण अंदाजाला बास.

थर बघायची सवय करायची असेल तर पसरणी घाट किंवा यवतेश्वर घाटानं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाताना रस्त्याच्या कटिंगकडं बघा (गाडी दुसऱ्याला चालवू द्या). ओली रेघ कुठल्या थराखाली आहे, शेवाळ आणि नेचे कुठून सुरू होतात, हे दोनचार वेळा बघितलं की डोळा तयार होतो.

घरबसल्या होणारं काम

गुगल अर्थ उघडा, लॅपटॉपवर, कारण जुन्या तारखांच्या इमेज तिथं नीट बघता येतात. मार्च ते मे मधल्या इमेज निवडा, वेगवेगळ्या वर्षांच्या. सगळा माळ पिवळा पडलेला असताना एखादा हिरवा ठिपका दरवर्षी त्याच जागी दिसत असेल तर तिथं पिन टाका. एकाच वर्षी दिसला तर सोडून द्या, कुणीतरी मोटार लावून भिजवलं असेल. आंब्याची किंवा निलगिरीची बाग पण हिरवीच दिसते हे लक्षात ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे ऑनलाइन मिळतात, त्यावर ओढे, विहिरी आणि उंचीच्या रेषा असतात, आणि गावचा गट नकाशा तलाठ्याकडं. जुन्या नकाशावर जिथून ओढ्याची रेघ सुरू होते ती जागा जाऊन बघण्यासारखी असते.

मग माणसांना विचारा

मला विचाराल तर हे काम गुगलच्या आधी करायचं. गावातल्या सत्तरीपुढच्या आजींना विचारा, बायकांनाच विचारा कारण पाणी त्यांनी वाहिलंय, "आजी, बहात्तरच्या दुष्काळात पाणी कुठनं आणायचा?" या एका प्रश्नात जेवढं कळतं तेवढं अर्ध्या दिवसाच्या पायपिटीत कळत नाही. "गावात झरा आहे का" असं विचारलं तर माणसं पावसाळ्यातला पण सांगतात. मेंढपाळ आणि गुराख्यांना विचारा, मे महिन्यात दुपारी जनावरं कुठं नेता म्हणून.

शेतांची नावं पण ऐका. झऱ्याची पट्टी, उंबराचं वावर, आडाचा माळ, पाणथळ, ही नावं उगीच पडत नाहीत. आणि रानाच्या कोपऱ्यात झाडाखाली शेंदूर लावलेले सात दगड ओळीनं मांडलेले दिसले तर त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. आज तिथं कोरडं दिसत असलं तरी कधीतरी पाणवठा होता असं धरूनच बघायला लागा. तेवढं मात्र करा की दगड हलवू नका आणि तिथं उकरायच्या आधी गावात बोला, नाहीतर पाणी राहील बाजूला आणि वेगळंच प्रकरण उभं राहील.

जायचं कधी

एकदा जाऊन भागत नाही. दिवाळीनंतर एक फेरी मारा, सगळ्या ओलसर जागा मार्क करा. होळीच्या आसपास दुसरी, निम्म्या गळालेल्या असतील. खरी परीक्षा अक्षय तृतीयेच्या पुढं, वळीव पडायच्या आधी. वळवाची एक सर झाली की आठवडाभर काही ठरवू नका. हिवाळ्यात पहाटे पण एक चक्कर टाका, जमिनीतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं म्हणून थंडीत झऱ्याच्या जागी हलकी वाफ दिसते.

आणि तालुक्याप्रमाणं अपेक्षा ठेवा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटाव किंवा आटपाडी-जतकडं जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यामुळं पाटण, जावळी, वाईच्या वरच्या अंगाला बारमाही झरा असणं नवल नाही, पण माण तालुक्यात दहिवडीकडं कुणी डोंगरातला बारमाही झरा म्हणून जादा भाव मागत असेल तर मे महिन्यात स्वतः बघितल्याशिवाय इसार देऊ नका. तिकडं ओल सापडते ती जास्त करून ओढ्याच्या पात्रात, वाळूत झिरा उकरला की पाणी जमतं तशी, किंवा पाझर तलावाच्या, नाला बांधाच्या खालच्या अंगाला.

चालताना काय बघायचं

डोंगर जिथं संपतो आणि शेती सुरू होते तो सांधा, कड्याचा पायथा, दोन टप्प्यांमधली चढण, घळीचं तोंड, या जागा आधी. उतारावर चालताना पायाला जमीन अचानक मऊ लागते, गवताची जात बदलते. कुसळीचं गवत संपून लव्हाळा सुरू झाला की थांबा. पाणकणीस, रानअळू, नेचे, ब्राह्मी यांना मुळाशी ओल लागतेच लागते, ही सगळ्यात भरवशाची. झाडांमध्ये उंबर, जांभूळ, करंज, वाळुंज, शिंदी. पण झाडावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, मोठ्या झाडाची मुळं खोल जाऊन पाणी घेतात, म्हणजे पाणी आहे पण वीस फुटांवर असू शकतं, आणि उंबर तर पाखरांनी बी टाकलं की देवळाच्या भिंतीवर पण उगवतो. उंबर आणि त्याच्या खाली मे महिन्यात हिरवा लव्हाळा, असं दोन्ही सापडलं तर मग पक्कं.

खेकड्याची बिळं बघा. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या ताज्या गोळ्या उन्हाळ्यात दिसल्या तर पाणी फार खाली नाही. मधमाश्या, चतुर, रानडुकरांनी लोळून केलेलं डबकं, हे पण खुणेला चालतं. कोरड्या दिवसांत मातीवर मुंग्यांसारखे बारीक बुडबुडे फुटत पाणी वर येताना दिसलं तर तो उमाळा, खालून दाबानं येणारा, तो मिळणं म्हणजे नशीब.

पाण्यावर तेलकट तवंग आणि नारिंगी चिखल दिसला की लोक घाबरतात, कुणी डिझेल सांडलं म्हणून. काडीनं तवंग हलवा. काचेसारखे तुकडे होऊन बाजूला झाला तर तो लोहाच्या जिवाणूंचा, जमिनीतून लोहाचं पाणी येतंय एवढाच अर्थ. काडीमागं फिरून परत एकत्र आला तर खरंच तेल आहे, वर कुठं इंजिन किंवा गॅरेज आहे का बघा.

खोटे झरे

इथं सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून सावकाश सांगतो.

पहिला संशय कालव्याचा. धोम, कण्हेर, उरमोडी, खोडशीवरून निघणारा कृष्णा कालवा, सांगलीकडं टेंभू, ताकारी, म्हैसाळ, माण-खटावला जिहे-कठापूर, यातलं कुठलंही पाणी तुमच्या रानाच्या वरच्या अंगानं जात असेल तर पाझर येणारच. ओळखायचं सोपंय, कालव्याचं रोटेशन कधी सुटलं आणि कधी बंद झालं त्या तारखा लिहून ठेवा, पाणी सुटल्यावर काही दिवसांत तुमचा झरा वाढला आणि बंद झाल्यावर आटला तर तो झरा कालव्याचा. वाईट नाही तसं, वापरा की, पण उद्या कालव्याला अस्तरीकरण झालं किंवा बंद पाईपलाईन आली की तुमचं बारमाही पाणी गेलं, हे डोक्यात ठेवूनच जमिनीचा भाव करा.

दुसरं, वरच्या शेतकऱ्याचा ऊस. पाटानं पाणी देतात, जादाचं मुरतं आणि तुमच्या बांधातून निघतं. त्याची पाण्याची पाळी कधी असते ते विचारा. त्यानं ठिबक केलं की हे पण बंद. शेततळ्याचा कागद फाटलेला असला तरी खाली असंच होतं.

तिसरं, नळयोजनेची पाईपलाईन फुटलेली. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं क्लोरीन बघायचं ओ.टी. टेस्टचं किट असतं, पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असेल तर दोन थेंबांत पिवळा रंग येतो. झऱ्याच्या पाण्यात क्लोरीन निघालं तर तो झरा गावच्या टाकीतून येतोय. रंग नाही आला म्हणून मात्र पाईपलाईनवरचा संशय गेला असं समजू नका, क्लोरीन मातीत संपूनही जातं, सप्लायच्या वेळेला पाणी वाढतंय का ते पण बघा. आणि वर वस्ती असेल तर संडासाचा शोषखड्डा किती लांब आहे हे नक्की बघा, वासावर जाऊ नका, मातीतून गाळून आलेल्या घाण पाण्याला वास येईलच असं नाही.

चौथं आपल्या नदीकाठचं दुखणं, चिबड. वाळवा, पलूस, मिरजेकडं काळ्या जमिनीत पाणी देऊन देऊन खालची पातळी वर आली, निचरा नाही, वर पांढरी पापडी फुटते. ती ओल बारमाही असते पण तिला झरा म्हणून कुणी विकत असेल तर जोड्याकडं हात जाऊ द्या. तिथं पाणी शोधायचं नसतं, चर काढून घालवायचं असतं.

थर्मामीटर असेल तर अजून एक युक्ती. खोलातून येणारं पाणी आपल्या पठारी भागात वर्षभर साधारण २४ ते २६ अंशांत राहतं, महाबळेश्वर-पाचगणीकडं त्याहून गार. मे महिन्यात भर दुपारी आणि डिसेंबरात पहाटे, दोन्ही वेळेला बाहेर पडतं त्या तोंडाशीच मोजा. आकडा जवळपास सारखा आला तर पाणी खोलातलं. दुपारी ३२ आणि पहाटे १६ दाखवत असेल तर वरवरचं पाणी आहे, उघड्या डबक्यातून किंवा जमिनीच्या अगदी वरच्या थरातून येतंय.

खड्डा घ्या, मग मोजा

जागा पक्की वाटली की कुदळ-फावडं घेऊन दीड-दोन फूट खोल, हात फिरेल एवढाच खड्डा घ्या. जेसीबी नाही. पाणी कुठल्या बाजूनं येतंय ते बघा, डोंगराकडच्या भिंतीतून आलं तर थरातला पाझर, तळातून आलं तर उमाळा, चारी बाजूंनी नुसतं घामासारखं सुटलं तर मातीतली ओल. खड्डा पूर्ण उपसा, परत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहा, दुसऱ्या दिवशी परत करा. पहिल्या दिवशी पटकन भरला आणि नंतर रेंगाळला तर साठलेलंच पाणी होतं.

धार पडत असेल तर अजून सोपं. पीव्हीसी पाईपचा तुकडा चिखलात बसवा, कडेनं चिकणमाती दाबा, सगळं पाणी त्यातून पडू द्या आणि खाली बादली. १५ लिटरची बादली ४५ सेकंदांत भरली म्हणजे मिनिटाला २० लिटर, दिवसाला २८,८०० लिटर, हे तर फारच झालं. एक लिटरची बाटली ४० सेकंदांत भरत असेल तर मिनिटाला दीड लिटर, दिवसाला २,१६० लिटर. ही धार करंगळीएवढी पण नसते, बघणारा म्हणतो यात काय होणार. पण जलजीवन मिशनचा माणशी ५५ लिटरचा हिशोब लावला तर ३९ माणसांचं रोजचं पाणी आहे ते, फक्त रात्री पडणारं साठवायला टाकी पाहिजे. दुभत्या म्हशी असतील तर उन्हाळ्यात एकेक सत्तर-ऐंशी लिटर पिते, ते वजा करा. ऊस मात्र विसरा, तेवढं पाणी एकरभर पसरलं तर दिवसाला अर्धा मिलिमीटर थर होतो.

महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहायचं, शेजारी पाऊस कधी पडला तेही. पावसाबरोबर त्याच दिवशी गढूळ होऊन वाढणारा झरा वरवरचा, सावकाश वाढणारा आणि नितळ राहणारा खोलातला. एक पूर्ण वर्ष झालं की तुमच्याकडं एजंटच्या वाक्यापेक्षा मोठा पुरावा असतो. जमीन अजून घेतली नसेल तर निदान मे महिन्याचा एक आकडा तरी घ्याच.

पाणाड्याला बोलवायचं का असं सगळे विचारतात. नारळ, तारेचे हूक, उंबराची फांदी, यानं पाणी कळतं असं कुठं नीट तपासून सिद्ध झालेलं नाही. काही पाणाड्यांना आयुष्यभर विहिरी बघून खडकाची जाण असते हे खरं, तेव्हा बोलवलाच तर नारळाकडं बघू नका, तो बोलताना कुठल्या थराबद्दल बोलतो ते ऐका. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून हेच काम करते, जिल्ह्याला ऑफिस आहे, तिथले भूवैज्ञानिक तुमच्या गावचा खडक कागदावर दाखवू शकतात.

सापडला की घाण करू नका

बरेच झरे दुष्काळानं नाही, मालकाच्या उत्साहानं मरतात. झरा सापडला की लगेच मशीन लावून "मोठा करू" म्हणतात, खालचा पाणी अडवणारा थर फुटतो आणि पाणी खाली निघून जातं, परत येत नाही. दुसरा प्रकार वरच्या अंगाला बोअर घ्यायचा, तोच साठा दोन्हीकडून उपसला जातो. तोंडाशी हातानं दगड रचून छोटी बंदिस्त कुंडी करा, वरून झाकण, जादाचं पाणी जायला पाईप मोकळा ठेवा (पाणी कोंडलं तर दुसरीकडून वाट काढतं), आणि पावसाचं वाहतं पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या बाजूला छोटा चर. जनावरांना खाली लांब हौद. शोषखड्डा, शेणाचा उकिरडा, खताचा ढीग वरच्या अंगाला अजिबात नको. झऱ्याच्या वरचा उतार हीच त्याची टाकी आहे, तिथली झाडं तोडून फार्महाऊस बांधायचं आणि मग झरा आटला म्हणून रडायचं हे बघवत नाही.

आणि एक गोष्ट गांभीर्यानं घ्या. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळून माणसं गेली. सलग मुसळधार पावसात उतारावर जिथं कधी नव्हतं तिथं अचानक नवीन पाणी फुटलं, किंवा कायमचा नितळ झरा एकदम गढूळ झाला, किंवा वाहता झरा बंदच झाला, आणि वर जमिनीला भेगा, झाडं कलंडलेली, तर व्हिडिओ काढत उभं राहू नका. घर सोडा, खालच्या वस्तीला सांगा, तहसीलला फोन करा. आणि कायम पाझरणाऱ्या उतारावर किंवा त्याच्या बरोबर खाली घर बांधायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

कागद आणि तपासणी

सातबाऱ्यावर इतर हक्कात बघा, झऱ्यावर किंवा विहिरीवर भावकीचा, वाडीचा हिस्सा लिहिलेला असतो कधीकधी. लिहिलेला नसला तरी पिढ्यानपिढ्या वाडी तिथं पाणी भरत असेल तर कुंपण घालून मोकळे होऊ नका, आधी बोलून घ्या. जवळपास गावच्या पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअरवर कायद्याची बंधनं आहेत, आणि महाबळेश्वर-पाचगणी हा २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे तर तिथले नियम अजून वेगळे, ग्रामपंचायत किंवा तहसीलला विचारूनच हात लावा.

प्यायच्या आधी पाणी तपासायचंच, डोंगरातलं आहे म्हणून शुद्ध असं काही नसतं. टीडीएस मीटरनं फक्त क्षार कळतात, जंतू नाही. जंतू बघायला एच-टू-एसची बाटली मिळते, त्यात पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायचं, काळं झालं तर उकळल्याशिवाय पिऊ नका. नीट रिपोर्ट पाहिजे तर भूजल यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत द्या, रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी, जंतूंच्या तपासणीला बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्यायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. दोनदा करा, एकदा मे मध्ये आणि एकदा पाऊस लागल्यावर जुलैत, कारण उन्हाळ्यात पास झालेला झरा जुलैत बऱ्याचदा नापास होतो.